मदत हवी आहे: इंक टँक प्रिंटरमधून काळा रंग अजिबात येत नाही

घरचा चार रंगांचा इंक टँक प्रिंटर, वॉरंटी संपलेली. उन्हाळ्यात बरेच दिवस बंद होता. आता कागद नीट ओढतो, एररचा दिवा लागत नाही, पण काळ्या मजकुराचं पान कोरंच बाहेर पडतं. काचेवर कागद ठेवून थेट झेरॉक्स काढली तरी तेच, म्हणजे ड्रायव्हर किंवा वायफायचा प्रश्न नाही.

नॉझल चेकमध्ये (शाईची बारीक छिद्रं तपासणाऱ्या चाचणी पानावर) निळा, गुलाबी, पिवळा यांच्या रेघा अखंड; काळ्याची जागा रिकामी. टाकीत काळी शाई खालच्या खुणेच्या बरीच वर आहे आणि मूळ कंपनीचीच आहे. हेड क्लीनिंग (शाई ओढून कागदावर शाई सोडणाऱ्या हेडची छिद्रं साफ करणं) केलं, रात्रभर थांबून पुन्हा केलं, फरक शून्य. झाकण उघडल्यावर काळ्या नळीत हेडजवळ बोटभर हवा दिसते. क्लीनिंगनंतरही ती तसूभर सरकत नाही. बाकीचे रंग येतात, त्यामुळे पंपावर माझा संशय नाही. पॉवर क्लीनिंग (याहून जोरदार सफाई) मुद्दाम टाळलंय, कारण त्यात सगळ्याच रंगांची शाई वाया जाते आणि वेस्ट इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा) लवकर भरतो.

डँपर (नळी आणि हेड यांच्यामधला शाईचा छोटा कप्पा) काढून सिरिंजने हलकेच ओढल्यावर शाई सहज आली, तर दोष हेडमध्येच धरायचा का? आणि तसं असेल तर हेड न काढता हेडवरच्या काळ्याच्या तोटीतून (शाई आत जाते तिथून) क्लीनिंग सोल्यूशन सोडणं सुरक्षित आहे का, की शेजारच्या सर्किटला धोका असतो?