‘रन’ म्हणजे धावणे? बहुतेक वेळा नाही

इंग्रजी लिपीत अवघ्या तीन अक्षरांत मावणारा ‘रन’ हा शब्द शाळेत फार लवकर भेटतो आणि त्याच्यासमोर ‘धावणे’ असा एकच अर्थ लिहिला जातो. तो अर्थ चुकीचा नाही. पण पुढे वाचन वाढले, की असे दिसते की या शब्दाच्या दहा वापरांपैकी आठनऊ ठिकाणी कोणीही धावत नसते. यंत्र जागेवर उभे असते, रस्ता पडून असतो, करार कपाटात असतो आणि तरीही इंग्रजी लिहिणारा त्या सगळ्यांना ‘रन’ हेच क्रियापद लावतो.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि तिची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्यावर मात्र ‘रन’ने त्याला मागे टाकले. या नोंदीत केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ संपादकांना वेगळे काढावे लागले; नामाचे अर्थ निराळेच. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण हे अर्थ वाटेल तसे विखुरलेले नाहीत. त्यांचे मूळ पाहिले, तर बराचसा गुंता आपोआप सुटतो.

जुन्या इंग्रजीत आणि तिच्या भगिनी भाषांत येथे दोन क्रियापदे होती. एकाचा अर्थ स्वतः धावणे किंवा वाहणे, दुसऱ्याचा अर्थ धावायला किंवा वाहायला लावणे. जर्मन भाषेत या जोडीचे वंशज आजही वेगळे आहेत: ‘रिनेन’ म्हणजे पाझरणे, वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे वेगाने पळणे. इंग्रजीत मात्र दोन्ही क्रियापदे काळाच्या ओघात एकाच रूपात मिसळली. याचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की ‘वाहणे’ हा अर्थ ‘रन’ला नंतर अलंकाराने चिकटलेला नाही, तो त्याच्या जन्मापासूनचा आहे. दुसरा असा, की ‘दुकान चालते’ आणि ‘ती दुकान चालवते’ यांतला जो फरक मराठी क्रियापदाच्या पोटातल्या ‘व’ने दाखवते, तो इंग्रजीत क्रियापदाच्या रूपावरून कळतच नाही, तो वाक्यात कर्म आहे की नाही, यावरून ओळखावा लागतो. मराठी वाचकाने ‘रन’ दिसताच आधी कर्म शोधावे, असे मला म्हणूनच वाटते.

वाहण्याचे घराणे आधी पाहू. नदी, घाम, अश्रू, सर्दीत नाक, मेणबत्तीचे मेण, या सगळ्यांना इंग्रजीत ‘रन’ चालते आणि मराठीत यांपैकी कोणीच धावत नाही. येथे मराठी एका शब्दावर भागवत नाही. नदी वाहते, नाक गळते किंवा वाहते, घामाच्या धारा लागतात, मेण ओघळते, हलक्या कागदावर शाई फुटते. धुतल्यावर एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो, त्यालाही इंग्रजीत रंग ‘रन’ होणे म्हणतात. आपण ‘रंग जातो’ म्हणतो, पण त्यात रंग विटणेही येते, म्हणून नेमके सांगायचे असेल तेव्हा ‘रंग सुटतो’ किंवा ‘रंग लागतो’ म्हणावे. नळाचे उदाहरण आणखी बारकाईने पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत नळ ‘रनिंग’ आहे एवढेच सांगितले जाते. मराठीत ‘नळ चालू आहे’ म्हटले, तर कोणीतरी तो कामासाठी सोडला आहे असे वाटते. ‘नळ वाहतो आहे’ म्हटले, की पाणी वाया चालले आहे आणि कोणीतरी उठून तो बंद करावा, अशी सूचना त्यातच येते. आंघोळीचा टब ‘रन’ करणे म्हणजे टबात पाणी सोडणे. टब जागचा हलत नाही.

याच घराण्यातून ‘रन’ हे नाम ओढ्यासाठीही वापरले गेले, विशेषतः अमेरिकेत. अमेरिकी यादवी युद्धात १८६१ आणि १८६२ मध्ये व्हर्जिनियात ज्या दोन लढाया झाल्या, त्या ‘बुल रन’ या नावाने ओळखल्या जातात. हे नाव तिथल्या एका ओढ्याचे आहे. स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात जुलै महिन्यात रस्त्यांतून बैल सोडतात आणि माणसे त्यांच्यापुढे पळतात, ती गोष्ट सर्वस्वी निराळी. शब्द तेवढे सारखे. इंग्रजीतली एक म्हण सांगते, की संथ पाणी खोल ‘रन’ होते. आपली म्हण तीच गोष्ट उलट बाजूने सांगते: उथळ पाण्याला खळखळाट फार. एकीने खोल पाण्याची स्तुती केली, दुसरीने उथळ पाण्याची चेष्टा; आपल्याकडे चेष्टेच्या म्हणी अधिक टिकतात, हा माझा जुना संशय आहे.

आता सर्वांत मोठे घराणे. यंत्र, घड्याळ, संस्था, प्रयोग, संगणकातला प्रोग्राम, यांचे काम सुरू असणे म्हणजे इंग्रजीत ‘रन’. मराठीत हे सगळे ‘चालते’. जेथे इंग्रजी पळते तेथे मराठी चालते, हा बऱ्याच प्रमाणात भरवशाचा नियम आहे. इंजिन ‘रनिंग’ आहे म्हणजे ते सुरू आहे. गाडी जागच्या जागी उभी असेल. कारखाना दोन पाळ्यांत चालतो, नाटक वर्षभर चालते, करार तीन वर्षे चालतो, भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालते. कर्म आले, की ‘चालवणे’: शाळा चालवणे, मोहीम चालवणे, प्रोग्राम चालवणे. बोलताना ‘प्रोग्राम रन केला’ असे सर्रास म्हटले जाते आणि त्यात काही बिघडत नाही, पण लिहिताना ‘चालवला’ हे तितकेच नेमके आहे आणि वाचताना अडखळायलाही होत नाही.

तरीही या नियमावर डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण ‘चालणे’ हा शब्द ‘रन’ इतकाच लवचिक असला, तरी त्याच्या लवचिकपणाच्या दिशा वेगळ्या आहेत. ‘चित्रपट चालला नाही’ म्हणजे तो पडला. इंग्रजीत ‘रन’ला नकार जोडून हा अर्थ सरळ मिळत नाही. ‘चालेल’ म्हणजे हरकत नाही. ‘त्याचे घरात काही चालत नाही’ म्हणजे त्याच्या शब्दाला वजन नाही. यांपैकी एकालाही ‘रन’ लावता येणार नाही. उलट बाजूने पाहिले, तर गाडी आपण चालवतो. इंग्रजीत मात्र चाकामागे बसून गाडी हाकण्यासाठी दुसरे क्रियापद आहे आणि गाडी ‘रन’ करणे म्हणजे ती बाळगणे, तिचा खर्च सोसणे. एखाद्या माणसाला घरापर्यंत ‘रन’ करणे म्हणजे त्याला गाडीने सोडणे. शब्दाला शब्द ठेवून ‘मी तुला घरापर्यंत पळवतो’ असे भाषांतर केले, तर मराठीत प्रकरण पोलिसांपर्यंत जाईल. मासिकाने लेख ‘रन’ केला म्हणजे छापला. वृत्तवाहिन्यांमुळे ‘बातमी चालवली’ हा प्रयोग आता रूढ झाला आहे, तो मला पटतो, पण छापील मजकुराला ‘छापणे’ हेच साजते.

मराठीत खरोखर ‘धावणे’ वापरले जाते, अशाही जागा आहेत आणि त्या विसरू नयेत. गाड्या उशिराने धावतात, एखाद्या मार्गावर बस धावते. ‘रनिंग कॉमेंटरी’ला ‘धावते समालोचन’ हा प्रतिशब्द इतका रुळला आहे, की त्याच्या मागचे इंग्रजी आता जाणवतही नाही. ‘धावती भेट’ आणि ‘धावता आढावा’ हेही चांगले मराठी प्रयोग आहेत, मात्र त्यांतला घाईचा अर्थ ‘रनिंग’मध्ये नेहमी असतोच असे नाही. तीन दिवस ‘रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. तेथे घाईचा काहीही संबंध नाही. न्यायालयात ‘धाव घेणे’ ही तर पूर्णपणे आपली लकब आहे. तिचे इंग्रजी करताना ‘रन’ वापरले, तर पक्षकार खरोखरच इमारतीकडे पळत सुटल्यासारखा वाटेल.

रस्ता नदीच्या कडेने ‘रन’ होतो, भिंतीला तडा ‘रन’ होतो, तार जमिनीखालून ‘रन’ होते, अशा वाक्यांत हलणारी वस्तू कोणतीच नसते. पाहणाऱ्याची नजर तेवढी सरकते. मराठीत रस्ता जातो, तडा गेलेला असतो, तार नेलेली असते. येथे फारसे अडत नाही.

अडते ते ‘रन’ला विशेषण जोडले जाते तेव्हा. विहीर कोरडी ‘रन’ होते, साठा कमी ‘रन’ होतो, माणूस उशिरा ‘रन’ होतो. या वाक्यांत ‘रन’चा अर्थ जवळजवळ ‘होणे’ एवढाच उरतो आणि सगळा भार पुढच्या विशेषणावर जातो. मराठी अशा वेळी दोन शब्दांचे एक क्रियापद करते: विहीर आटते, साठा संपत येतो, माणसाला उशीर होतो. भीतीने रक्त थंड ‘रन’ झाले, हे इंग्रजी वाक्य मराठीत ‘रक्त गोठले’ असे होते. म्हणजे जे इंग्रजीत वाहत राहिले, ते आपल्याकडे थांबले. मनावर उमटणारा परिणाम तोच, हे विशेष.

‘रन’पुढे छोटे अव्यय आले, की अर्थ पुन्हा बदलतो आणि येथे पाठांतराला पर्याय नाही. सगळ्यांची जंत्री देण्यात हशील नाही. दोनतीन नमुने पुरेत. ‘रन डाउन’ घ्या. बॅटरी उतरते, घड्याळाची चावी संपते, गाडी कोणाला तरी धडक देऊन पाडते, माणूस दुसऱ्याला नावे ठेवतो, इमारत मोडकळीला येते, आणि शब्द जोडून नाम केले, की तोच ‘रनडाउन’ म्हणजे मुद्द्यांचा थोडक्यात गोषवारा. ‘रन आउट’ म्हणजे क्रिकेटमध्ये धावबाद आणि स्वयंपाकघरात ‘संपले’. ‘रन-अप’ म्हणजे गोलंदाजाची चेंडू टाकण्यापूर्वीची धाव. परंतु निवडणुकीचा ‘रन-अप’ दिसला, की मराठी बातमीदार ‘निवडणुकीच्या तोंडावर’ असे लिहितो आणि ते अगदी योग्य आहे. एखादी कल्पना कोणासमोरून ‘रन’ करणे, या प्रयोगाला पूर्वी मी ‘मत घेणे’ असे लिहीत असे. त्यापेक्षा ‘कानावर घालणे’ अधिक जवळचे आहे, कारण दोन्हींत औपचारिक संमतीपेक्षा आधी कल्पना देऊन ठेवण्याचा भाव असतो.

निवडणुकीचा विषय निघालाच आहे, तर एक भेद सांगायला हवा. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीत उमेदवार निवडणुकीला उभा राहतो किंवा निवडणूक लढवतो, पण पळत मात्र कधीच नाही. अमेरिकेतल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात. हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आला आहे आणि तो ‘धावसोबती’ असा करण्याऐवजी ‘उपाध्यक्षपदाचा जोडीदार उमेदवार’ असे सरळ लिहिलेले बरे.

नाम म्हणून ‘रन’ घेतला, की पहिल्यांदा क्रिकेट आठवते. तेथे ‘धाव’ हा प्रतिशब्द पक्का बसला आहे, इतका की चौकार मारून जागेवर उभा राहिलेला फलंदाजही चार ‘धावा’ काढतो. दोन्ही भाषांनी ही विसंगती सारख्याच शांतपणे पचवली. पळण्याच्या किंवा फिरण्याच्या जागेलाही इंग्रजीत ‘रन’ म्हणतात, जसे कोंबड्यांना मोकळे फिरायला केलेले जाळीचे आवार किंवा बर्फावरून घसरण्याची उतरण. गंमत म्हणजे मराठीतही ‘धाव’ शब्दाला जागेचा अर्थ होता: मोट ओढताना बैल ज्या उतरत्या वाटेने जात, तिला धाव म्हणत. छापखान्यातला ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम, नशिबाचा चांगला ‘रन’ म्हणजे पत्ते सलग मनासारखे पडणे. हे सगळे मराठीत सहज येते.

‘बँक रन’ मात्र येत नाही. बँक बुडणार, या भीतीने सगळे ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला जातात. बँकेने तो पैसा कर्जाऊ दिलेला असल्यामुळे तो एकदम परत देता येत नाही आणि भीतीच खरी ठरते. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर लोकांनी रांगा लावल्या, तेव्हा ‘ठेवीदारांची झुंबड’ हा प्रयोग चपखल बसत होता, कारण झुंबड डोळ्यांना दिसत होती. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात सुमारे ४,२०० कोटी डॉलर काढण्याचे आदेश आले, ते बहुतांशी लोकांनी बसल्या जागेवरून दिलेले होते. तेथे ना रांग होती, ना झुंबड. ‘बँकेवर धाव’ असे लिहिले, तर वाचकाला दरोडा आठवेल. ‘ठेवी काढून घेण्याची लाट’ हा पर्याय मला सध्या सर्वांत कमी सदोष वाटतो: त्यात गर्दी लागत नाही, वेग कळतो आणि एकामागून एक ठेवीदार घाबरत जातो, हेही सूचित होते. त्याची अडचण लांबीची आहे. बातमीच्या मथळ्यात तो मावत नाही, आणि तेथे बहुधा ‘बँक रन’ हेच देवनागरीत लिहिले जाईल.