पडून तडा गेलेली गिटार दुरुस्त करावी, की जुनी दुसरी घ्यावी?

परळकर:
नमस्कार. बहिणीची कॉलेजच्या काळातली अकूस्टिक गिटार गेल्या आठवड्यात कपाटावरून खाली पडली. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) मागे, खुंट्यांच्या डोक्याखाली मानेला तिरका तडा गेला असून तारा सैल केल्या की तो मिटतो आणि ताणल्या की केसाएवढा उघडतो. शिवाय ब्रिजच्या (पोटावर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सहज सरकते. हा दोष बहुधा आधीपासूनचा असावा. ओळखीचे सुतारकाका फेविकॉल लावून शिकंज्यात धरून देतो म्हणतात. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एकाने दोन्ही कामांचे तीन हजार रुपये सांगितले आहेत. त्यात हजार-दीड हजारांची भर घालून भाचीसाठी जुनी गिटार घेणे शहाणपणाचे ठरेल का? ती सहावीत आहे आणि तिला शिकायचे आहे.

लाकूडवेडा:
सर्वप्रथम तारा पूर्ण सैल करून ठेवा. सहा स्टीलच्या तारा सुरात लावल्या की त्यांचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो आणि तो रात्रंदिवस त्या तड्यावरच पडत राहतो. डोके मागे झुकलेले असल्यामुळे तिथे लाकडाचे रेशे आडवे कापले जातात, म्हणून गिटार पडली की बहुधा तिथेच तुटते. मात्र तडा लांब, तिरका आणि स्वच्छ असेल, तर सरस नीट आत पोहोचल्यावर जोड मूळ लाकडाइतका मजबूत होतो.

सुतारकाकांचा मान राखूनही सांगतो, नेहमीचा पांढरा फेविकॉल इथे नको. तो सततच्या ताणाखाली कालांतराने हळूहळू सरकतो. टाइटबाँड ओरिजिनलसारखा घट्ट सुकणारा सरस वापरावा आणि चोवीस तास क्लॅम्प हलवू नये. तड्यात अराल्डाइट किंवा इन्स्टंट ग्लू गेला, तर पुढच्या कारागिराला तो काढता येत नाही आणि नवा सरस लाकडाला धरत नाही. ब्रिजही वरून सरस ओतून बसत नाही. तो गरम करून सोडवावा, खालचा जुना सरस खरवडावा आणि मगच चिकटवावा. वाद्य दुरुस्त करणारे एवढे सगळे करणार असतील, तर तीन हजार मला जास्त वाटत नाहीत.

गिरगावकर:
जुनी घ्यायची झाली तर आधी धोबी तलावला, १८६५ साली सुरू झालेल्या फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात जाऊन दोन-चार नव्या गिटारी हातात घ्या, म्हणजे तारा दाबायला किती सोप्या असाव्यात याचा बोटांना अंदाज येईल. चोरबाजारात मटण स्ट्रीटवर वाद्ये दिसतात, पण तिथे चकाकी पाहून भुलू नये. पावसाळ्यात इथल्या दमट हवेने लाकूड फुगते, ब्रिजमागची वरची लाकडी फळी पोट काढते आणि तारा वर जातात. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर) जाड तार तिच्यापासून तीन मिलिमीटरहून वर असेल आणि सॅडल (ब्रिजमधली तारा टेकणारी पातळ पट्टी) आधीच घासून ब्रिजला टेकलेले असेल, तर ती फुकटही घेऊ नये, कारण मानेचा कोन सुधारायला गिटारीच्या किमतीहून अधिक खर्च येतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळतो का, तेही ऐका. विकणारा घाई करू लागला, तर चहा पिऊन परत या.

दादरचा मास्तर:
भाचीचे वय कोणी विचारात घेतले नाही. मोठ्या आकाराच्या गिटारीवर अकरा वर्षांच्या मुलीच्या उजव्या काखेत गिटारीची कड अडकते आणि हात मोकळा राहत नाही. लहान आकाराची, नायलॉनच्या तारांची मिळाली तर बोटेही कमी दुखतील. ताण स्टीलच्या निम्म्याच्या आसपास असतो. फक्त विकणाऱ्याने त्यावर स्टीलच्या तारा चढवलेल्या नाहीत ना, हे पाहून घ्या. मी अशा दोन गिटारी पाहिल्या आहेत. दोन्हींचा ब्रिज उखडलेला होता.

परळकर:
सर्वांचे आभार. तारा काल रात्रीच सैल केल्या. तड्यावर टॉर्च धरून पाहिले, तर तो जवळजवळ दोन बोटे लांब असून आत कुठेही चुरा झालेला नाही, त्यामुळे बहिणीची गिटार तिच्यासाठीच दुरुस्त करून घेणार आहे. सुतारकाकांना टाइटबाँडविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतःच हात जोडले आणि "हे काम त्या वाद्यवाल्याकडेच द्या" म्हणाले. भाचीला रविवारी धोबी तलावला नेतो. तिचा हात कोणत्या आकारावर मोकळा राहतो ते पाहिल्याशिवाय जुनी शोधायला निघणार नाही.