खंडणीचा फोन आला तर टोळीचं कलम लागतं का? (गोवा)

शॅक_कांदोळी: निवृत्त पोलीस महासंचालक खंडणीवर बोलायला लागले की एक मुद्दा हमखास येतो: सुट्या गुंडाला नव्हे, टोळीला धरा. पटतं. पण शॅकवाल्याकडे (किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल) किंवा बिल्डरकडे फोनवर हप्ता मागितला तर गोव्यात टोळीचं कलम लागतं कसं? इथे मोक्का आहे का? पैसे दिलेच नसतील तर गुन्हा होतो का?

वकील_म्हापसा: मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा, गोव्यात लागू नाही. इथे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १११ (संघटित गुन्हेगारी) आहे, तेच टोळीचं कलम. मात्र ते पहिल्या फोनला लागत नाही. मागच्या १० वर्षांत टोळीच्या कारवायांबद्दल एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल झालेली हवीत, कोर्टाने दखल घेतलेली हवी आणि गुन्हा किमान ३ वर्षं शिक्षेच्या गटातला हवा.

मेख इथेच आहे. पैसे दिले नाहीत तरी गुन्हा होतो. कोणता, ते फिर्यादीतल्या शब्दांवर ठरतं. नुकसानीची भीती घातली तर त्याच संहितेचं खंडणीचं कलम ३०८(३), शिक्षा २ वर्षांपर्यंत. ते आरोपपत्र १११ साठी मोजलं जात नाही. जिवाची किंवा जबर दुखापतीची भीती घातली तर ३०८(४), ७ वर्षांपर्यंत. ते मोजलं जातं. 'शॅक जाळीन' आणि 'तुझ्यासकट शॅक जाळीन' यांत एवढा फरक आहे. कोंकणीत, हिंदीत, जसं बोलला तसंच उतरवून घ्यायला लावा. 'धमकी दिली' एवढ्यावर सही करू नका. गुपचूप हप्ता देणाऱ्यांमुळे ही आरोपपत्रं साठतच नाहीत, आणि टोळी कागदावर कायम नवखी राहते. फार वाईट वाटतं याचं.

सायबर_फोंडा: पुराव्याचं. व्हॉट्सअ‍ॅप कॉल सीडीआरमध्ये (मोबाइल कंपनीकडची साध्या कॉलची नोंद) येत नाही, पोलिसांना आयपीडीआर (इंटरनेट वापराची नोंद) मागवावा लागतो. त्यासाठी तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत लागते. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट लगेच काढा. स्पीकर लावून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा आणि तो फोन जपून ठेवा. क्लिप ग्रुपवर टाकून मूळ फाइल पुसली की घोळ होतो: डिजिटल पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश (फाइलची डिजिटल ओळखखूण) लिहावा लागतो, आणि फॉरवर्ड होताना पुन्हा कॉम्प्रेस झालेल्या फाइलचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. माणूस दारात येऊन गेला असेल तर डीव्हीआरमधलं (सीसीटीव्हीचा रेकॉर्डर) चित्रण त्याच दिवशी कॉपी करून घ्या. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

शॅक_कांदोळी: आणि ठाण्यात 'आधी १४ दिवस चौकशी करू' म्हणाले तर?

वकील_म्हापसा: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १७३(३) मधली ती चौकशी ३ ते ७ वर्षांच्या आतल्या गुन्ह्यांसाठी, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीने. ३०८(४) ची कमाल शिक्षा पूर्ण ७ वर्षं, म्हणून ती तिथे बसत नाही. तरी नोंद झाली नाही तर १७३(४) प्रमाणे लेखी तक्रार स्पीड पोस्टाने अधीक्षकांना पाठवा, पोचपावती ठेवा. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. 'आमची हद्द नाही' म्हणाले तर शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर, कोणत्याही ठाण्यात होणारी नोंद) नोंदवायला सांगा.