ट्रॅपसाठी हलकी १२ बोअर काडतुसे भरताना छर्रे कमी करावेत की वेग?

दुनळी यांचा प्रश्न

नमस्कार. मी ट्रॅप, म्हणजे यंत्राने हवेत फेकलेल्या तबकड्या फोडण्याच्या नेमबाजीसाठी, एकावर एक नळ्या असलेली १२ बोअरची बंदूक वापरतो आणि काडतुसे घरीच भरतो. आजवर १ १/८ औंस, म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम छर्रे, सेकंदाला साधारण ३६५ मीटर वेग, असाच भार ठेवत आलो आहे. अलीकडे शंभर तबकड्यांच्या फेरीत उत्तरार्धात खांदा बोलू लागतो, आणि त्याहून वाईट म्हणजे चाप ओढण्याच्या क्षणी मी दचकू लागलो आहे. त्यामुळे ७/८ औंस किंवा जमल्यास पाऊण औंस छर्ऱ्यांवर यावे असा विचार चालू आहे.

माझ्या शंका अशा आहेत. सोळा यार्डांच्या रेघेवरून (तबकड्या फेकणाऱ्या यंत्रापासून मागे मोजलेल्या नेमबाजाच्या जागेवरून) इतक्या कमी छर्ऱ्यांनी तबकडी खात्रीने फुटते का, कारण हलक्या काडतुसाने तिला नुसता ओरखडा जातो असे अनेक जण सांगतात. धक्का कमी करायचा तर छर्रे कमी करणे बरे की छर्रे तेवढेच ठेवून वेग उतरवणे बरे? आणि माझ्याकडे जड भाराचे वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसणारे वाटीसारखे तुकडे) भरपूर शिल्लक आहेत. तेच वॅड आणि तीच दारू ठेवून यंत्रावरची फक्त छर्ऱ्यांची मापपट्टी बदलली, तर चालेल का?

त्रैराशिक यांचे उत्तर

आधी ओरखड्याच्या समजाचा निकाल लावू. छर्रा ८ नंबरचा असेल (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक) आणि नळीच्या तोंडाशी वेग तोच असेल, तर आपल्यासोबत आणखी तीनशे छर्रे निघाले की साडेचारशे, याची त्या एकट्या छर्ऱ्याला काही खबर नसते. हवेचा अडथळा त्याला तेवढाच होतो आणि तबकडीवर आदळताना त्याच्यात ताकदही तेवढीच उरलेली असते. हलक्या काडतुसाचा छर्रा दुबळा होत नाही. विरळ होतो तो छर्ऱ्यांचा फैलाव. म्हणून विचार ताकदीचा न करता दाटीचा करावा.

८ नंबरचे छर्रे एका औंसात सुमारे ४१० भरतात. त्या हिशेबाने १ १/८ औंसात ४६०, ७/८ औंसात ३६० आणि पाऊण औंसात ३०७ च्या आसपास छर्रे येतात. साडेसात नंबरचे छर्रे मात्र औंसात सुमारे ३५० च मावतात, म्हणजे ८ नंबरचे ७/८ औंस आणि साडेसात नंबरचे पूर्ण औंस यांत संख्येचा फरक नावापुरताच आहे. सोळा यार्डांवर हलका भार वापरायचा असेल, तर ८ नंबर घेणे हे पहिले शहाणपण.

आता चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली आवळण, पाहू. चाळीस यार्डांवर ७६ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात मॉडिफाइड (मध्यम) चोकने साधारण ६० टक्के आणि फुल (घट्ट) चोकने ७० टक्के छर्रे पडतात असे धरले जाते. एक औंस छर्रे मॉडिफाइड चोकमधून सोडले, तर त्या वर्तुळात सुमारे २४६ पडतील. ७/८ औंस फुल चोकमधून सोडले, तर २५१. पाऊण औंसाचे फुल चोकमधून २१५ येतात, आणि ७/८ औंसाचे मॉडिफाइडमधूनही तेवढेच. थोडक्यात, वजनाची एक पायरी उतरलात तर चोकची एक पायरी चढा, म्हणजे दाटी जवळजवळ जिथल्या तिथे राहते. फक्त फैलावाची उपयोगी रुंदी घटते आणि नेम थोडा अधिक काटेकोर लागतो. हे टक्के कागदावरचे आहेत हे विसरू नका. तुमची नळी प्रत्यक्षात काय करते ते मोठ्या कागदावर गोळी झाडून आणि भोके मोजूनच कळेल. मोजणी कंटाळवाणी असते, पण तिला पर्याय नाही. शिवाय सोळा यार्डांच्या रेघेवरून चपळ नेमबाज चाळीस यार्डांच्या बराच अलीकडे तबकडी फोडतो, आणि तिथे दाटी याहून जास्त असते.

धक्क्याचा हिशेब असा. बंदूक ३.४ किलोची, वॅड अडीच ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला ३६५ मीटर धरला, तर १ १/८ औंसाला बंदुकीच्या मागे येण्याची ऊर्जा सुमारे २६ जूल येते, एक औंसाला २१, ७/८ औंसाला १६ आणि पाऊण औंसाला १२ ते १३. बाहेर पडणाऱ्या वजनाचा आणि वेगाचा गुणाकार बंदुकीचा संवेग ठरवतो, आणि ऊर्जा त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे छर्रे एक तृतीयांशाने घटवले की धक्का निम्म्यावर येतो. तुमच्या खांद्याला आणि विशेषतः त्या दचकण्याला ७/८ औंसानेच बराच उतार पडेल असे मला वाटते.

ज्यांना अजूनही शंका असेल त्यांनी ऑलिंपिक ट्रॅप आठवावे. तिथे छर्ऱ्यांचा भार सहनमर्यादा धरूनही २४.५ ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे तो ७/८ औंसापेक्षा किंचित कमीच भरतो, आणि तबकडी ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने दूर पळत असते. त्यांच्या काडतुसांचा वेग बहुधा तुमच्यापेक्षा जास्त असतो हे खरे, परंतु छर्ऱ्यांचे वजन जवळजवळ तेच आहे.

पुंगळीवाला यांचे उत्तर

त्रैराशिक यांचे गणित मान्य. मी तुमच्या तिसऱ्या शंकेवर लिहितो, कारण हलक्या भाराचे सगळे दुखणे नळीबाहेर नसून पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याच्या, आत असते.

फक्त मापपट्टी बदलणे चालणार नाही. बंदुकीची दारू जितक्या जास्त दाबाखाली असते, तितकी ती जलद जळते. आणि तो दाब उभा राहण्यासाठी समोर छर्ऱ्यांच्या वजनाचा आणि पुंगळीच्या दुमडलेल्या तोंडाच्या घडीचा अडथळा लागतो. वजन कमी केले की अडथळा घटतो, दाब चढत नाही आणि दारूचे न जळलेले कण नळीत राहतात. थंडीत हे आणखी बिघडते. म्हणूनच हलक्या भारासाठी लवकर पेट घेणारी दारू निवडतात.

दुसरी गोष्ट उंचीची. १ १/८ औंसाच्या वॅडची वाटी खोल असते. तिच्यात ७/८ औंस छर्रे ओतले की वर पोकळी राहते, घडी आत खचते, मधोमध बशीसारखा खळगा पडून भोक उरते आणि पेटीत काडतुसे हलली की त्या भोकातून छर्रे गळू लागतात. गळती दिसते तरी; ढिल्या घडीमुळे सुरुवातीचा दाब घसरतो तो दिसत नाही. ७/८ औंसाच्या वॅडची वाटी उथळ आणि खालचा दबणारा भाग उंच असतो, त्यामुळे पुंगळी बरोबर भरते आणि घडी सपाट बसते. पाऊण औंसासाठी त्याहून वेगळा वॅड लागतो. पुंगळीची आतली भिंत सरळ आहे की तळाकडे निमुळती होत जाते, यावरही वॅड बदलतो. एका प्रकारच्या पुंगळीत चोख बसणारी जुळणी दुसऱ्या प्रकारात एक तर खचते, नाहीतर फुगते.

म्हणून दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातून ७/८ औंसाची अशी कृती शोधा, जिच्यात पुंगळी, प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), दारू, वॅड आणि छर्ऱ्यांचे वजन हे पाचही घटक तुमच्याकडच्या वस्तूंशी जुळतात, आणि ती जशीच्या तशी भरा. रायफलच्या काडतुसात खालच्या मापापासून हळूहळू वर चढण्याची पद्धत असते. छर्ऱ्यांच्या काडतुसात ती नाही. इथे तक्त्यातला आकडा हाच भरायचा आकडा. एकच प्राइमर बदलला तरी दाब लक्षणीय सरकू शकतो. १२ बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसाची अमेरिकी कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे, आणि हलके भार सहसा तिच्या बरेच खाली असतात. पण अंदाजाने घटक बदलणाऱ्याला आपण त्या मर्यादेच्या किती जवळ आहोत हे कळण्याचा घरी काहीही मार्ग नसतो.

यंत्रावरची दारूची बुशिंग (ठरावीक भोकाची मापनळी) आकारमानाने माप देते, वजनाने नाही. तक्त्यात बुशिंगसमोर छापलेले वजन आणि तुमच्या यंत्रातून प्रत्यक्ष पडणारे वजन यांत फरक असतो, कारण हात जोरात चालला की दारू जास्त दबून बसते. यंत्र लयीत आल्यावर दहा मापे काढून तराजूवर तपासावीत. आणि लवकर जळणारी दारू पुंगळीत इतकी थोडी जागा घेते की चुकून दोनदा पडली तरी वॅड कसाबसा बसतो. अशा काडतुसाने बंदूक फुटू शकते. वॅड दाबण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहण्याला सूट नाही.

शेवटी मैदानावरची एक गोष्ट. एखाद्या काडतुसाचा आवाज फुसका वाटला, धक्का जाणवलाच नाही किंवा बाहेर नुसते छर्रे सांडल्यासारखे दिसले, तर पुढचे काडतूस घालू नका. बंदूक उघडा, रिकामी करा आणि नळीतून आरपार पाहा. अडकलेल्या वॅडवर दुसरा बार झाला तर नळी फाटते.

मागची रेघ यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. त्रैराशिक यांनी छर्रे कमी करण्याचा मार्ग गृहीत धरला. वेग कमी करण्याचा मार्ग त्यांनी मोजलाच नाही. त्यांच्याच पद्धतीने मोजले, तर एक औंस छर्रे सेकंदाला ३३५ मीटर वेगाने सोडल्यास धक्का सुमारे १७ जूल येतो. म्हणजे ३६५ मीटरच्या ७/८ औंसापेक्षा जेमतेम एक जूल जास्त, आणि हातात छर्रे मात्र पन्नास अधिक. तबकडीपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळेतला फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी असतो. सोळा यार्डांच्या तबकडीचा सुरुवातीचा वेग ताशी ६८ किलोमीटरच्या आसपास धरला, तरी तेवढ्यात ती वीतभरही सरकत नाही.

अंतर वाढले की फरक जाणवतो. चोवीस यार्डांच्या आणि त्याहून मागच्या रेघांवरून तबकडी बरीचशी कडेनेच दिसते. त्या दिशेने तिचे क्षेत्रफळ पंचवीस-तीस चौरस सेंटीमीटर धरले आणि चाळीस यार्डांवरचे २१५ छर्रे ७६ सेंटीमीटरच्या वर्तुळात पसरले, तर तिच्या वाट्याला सरासरी सव्वा छर्ऱ्याच्या आसपास येते. सरासरी सव्वा याचा अर्थ कधी तीन लागतात आणि कधी एकही लागत नाही, नेम अचूक असूनही. म्हणून मागच्या रेघांवर मी पाऊण औंस कोणालाच सुचवणार नाही आणि ७/८ औंससुद्धा फुल चोक आणि कडक छर्ऱ्यांशिवाय नाही. शिशात मिसळलेल्या अँटिमनी धातूचे प्रमाण जास्त असलेले कडक छर्रे नळीत कमी चेपतात आणि सरळ जातात. संख्या कमी असते तेव्हा प्रत्येक चेपलेला छर्रा महागात पडतो. स्पर्धेत उतरणार असाल तर घरी भरलेली काडतुसे त्या प्रकारात चालतात का, हेही नियमात पाहून घ्या. सगळीकडे ती चालत नाहीत.

दुनळी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. जड भाराचे वॅड बाजूला ठेवतो आणि ७/८ औंसाचे वॅड घेऊन छापील कृतीने एक पेटी भरतो. मी सध्या सोळा यार्डांवरच असल्याने आधी छर्रे कमी करून पाहीन. दोन शंका उरतात. कधीकधी मी डबल्स (एकाच वेळी दोन तबकड्या) खेळतो. तिथे हलक्या काडतुसाने काही बिघडते का? आणि सरावासाठी वायूच्या दाबावर चालणारी एक अर्धस्वयंचलित बंदूकही आहे, तिला ही काडतुसे चालतील का?

पुंगळीवाला

डबल्सची शंका योग्य वेळी काढलीत. एकाच चापाच्या दुनळीत पहिल्या बारानंतर चाप दुसऱ्या नळीकडे वळवण्याची यंत्रणा दोन प्रकारची असते. यांत्रिक प्रकारात धक्क्याचा संबंध येत नाही. जडत्वावर चालणाऱ्या प्रकारात मात्र आतला ठोकळा धक्क्यानेच हलतो, आणि धक्का पुरेसा नसेल किंवा बंदूक खांद्याला सैल धरलेली असेल, तर दुसऱ्या तबकडीवर चाप मेल्यासारखा लागतो. तुमच्या बंदुकीच्या माहितीपत्रकात प्रकार दिलेला असेल. ७/८ औंसाला बऱ्याच बंदुका तक्रार करत नाहीत, पाऊण औंसाला करू शकतात. डबल्सच्या आधी मैदानावर दोन्ही नळ्या लागोपाठ झाडून खात्री करा.

वायूवर चालणाऱ्या बंदुकीचे गणित वेगळे आहे. वायू बाहेर घेणारे तिचे छिद्र नळीत पुढे असते, आणि लवकर जळणाऱ्या दारूचा दाब छर्रे तिथवर पोहोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. त्यामुळे दोन काडतुसे सारख्याच वेगाची असली तरी एक पुंगळी बाहेर फेकते आणि दुसरे ती अर्धवट अडकवते. छिद्रे आणि दट्ट्या साफ ठेवा, निर्मात्याने हलक्या भारासाठी वेगळा दट्ट्या दिला असेल तर तो बसवा आणि ७/८ औंसाची कृती निवडताना जास्त वेगाची निवडा. पाऊण औंस त्या बंदुकीसाठी भरूच नका. पुढे कधी दुनळीसाठी भरलात, तर पुंगळ्यांचा रंग वेगळा ठेवा, पण पिवळा नको. तो २० बोअरचा रंग आहे, आणि २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत घसरले तर त्याच्या मागे दुसरे काडतूस बसू शकते.