'क्षार कमी' म्हणजे नेमकं काय कमी?

प्रश्न (इंदूर): माझ्या भाचीचं बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही, म्हणून इथल्या एका नवजात कक्षात ठेवलं होतं. एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणारी तपासणी) बघून डॉक्टर हिंदीत म्हणाले, 'क्षार की कमी है, माइनस चौदह.' मी रामबागेत घरी येऊन तेच सांगितलं, क्षार कमी झालेत. लगेच पुण्याहून विहीणबाईंचा फोन: 'सोडियम किती आहे? सलाइन लावलंय ना?' सोडियम तर ठीक होतं! दोन दिवस आम्ही भलतीच काळजी करत होतो. शब्द तोच, मग घोळ कुठे झाला?

उत्तर: ताई, चूक तुमची नाही, घोळ शब्दातच आहे. हिंदी शाळेत 'क्षार' म्हणजे आम्लाला मारणारा पदार्थ. मिठाच्या जातीला तिथे 'लवण' म्हणतात. महाराष्ट्राच्या पुस्तकांत मात्र आम्ल, आम्लारी आणि क्षार. म्हणजे डॉक्टरांचा क्षार तो आपली आम्लारी, आणि आपला क्षार तो त्यांचं लवण. हिंदीतला अर्थ जुन्या अर्थाजवळचा आहे. आयुर्वेदातला आघाड्याचा क्षार राखेतून काढतात, तो दाहक असतो. मराठीत 'खार', 'खारट' मिठाकडे वळले.

आता ते उणे 14. जन्मताना प्राणवायू अपुरा पडला की पेशी लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि ते शमवण्यात रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्लारी, खर्ची पडतं. म्हणून उणे 14 ला मी '14 ची आम्लारीची तूट' म्हणेन. नाळेच्या धमनीतल्या रक्तात तूट 12 किंवा जास्त आणि सामू (पीएच; आम्ल जितकं जास्त तितका हा आकडा कमी) 7.0 च्या खाली असेल, तर बाळाच्या मेंदूवर बारीक लक्ष ठेवावं लागतं. कार्बन डायऑक्साइड साचून सामू उतरला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे अडचण श्वासाची. त्यामुळे डॉक्टर नुसत्या एका आकड्यावर निर्णय करत नाहीत.

(माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी 'सामू' हा शब्द असतो, दवाखान्यात का नसावा?)

आणखी एक. सामू 7.2 असलेलं रक्त रसायनशास्त्राच्या हिशेबाने आम्ल नसतंच, 7 च्या वरच असतं. तेव्हा घरच्यांना 'रक्त आम्ल झालंय' सांगण्यापेक्षा 'आम्लाकडे झुकलंय' सांगावं.

शंका: पण सोडियम बायकार्बोनेट हाही क्षारच ना, मराठी अर्थाने?

उत्तर: हो. पण एबीजीत बायकार्बोनेट मोजतात ते आम्ल शमवण्याची ताकद किती उरली हे कळावं म्हणून. सोडियमचा हिशेब वेगळा.

बडोद्याहून: आमच्याकडे गुजराती शाळेत धड्याचं नावच 'ॲसिड, बेझ अने क्षार' आहे, म्हणजे अर्थ मराठीसारखा. मध्य प्रदेशातून इथे आलेल्या कुटुंबांशी बोलताना मी आता 'क्षार' शब्द उच्चारतच नाही.