कबड्डी स्पर्धेसाठी शेकरूचा शुभंकर: पोशाख कसा करावा?

मैदानवेडा
नमस्कार मंडळी. जानेवारीत तालुक्याला चार दिवसांची मॅटवरची कबड्डी स्पर्धा आहे. शुभंकर म्हणून शेकरू ठरलंय. चित्रकाराने चित्र दिलंय, फ्लेक्सवर झकास दिसतं. आता माणसाने अंगात घालायचा पोशाख करून घ्यायचाय. चित्रात पाय काटकुळे आणि शेपटी अंगाहून मोठी आहे. डोकं कशाचं करावं? शेपटी उभी कशी राहील? आतला माणूस गुदमरू नये म्हणून काय करतात? आणि पुढच्या वर्षी हेच चित्र टी-शर्टवर, प्रायोजकाच्या जाहिरातीत वापरलं तर चालेल ना?

फोम-फर
डोक्यापासून सुरुवात करा, पोशाख फसतो तो तिथेच. थर्माकोल वापरू नका. फोम चिकटवायचं रबर सोल्युशन लागलं की ते विरघळतं. १० मिमी ईव्हीए फोमच्या (चपलेच्या तळव्याला असतो तसला हलका, लवचिक फोम) पाकळ्या कापून चेंडूसारख्या जोडा. सोल्युशन दोन्ही कडांना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं झालं की मगच कडा दाबायच्या. ओलं असताना जोडलं तर जोड उन्हात उकलतो. आत बांधकामावरचं हेल्मेट बसवा, मागच्या चक्रीने घट्ट होणारं. सगळं मिळून वजन दोन किलोच्या आत हवं. त्याच्या वर गेलं की मान अवघडते आणि शेकरू खाली मान घालून फिरायला लागतं.

बघायची जागा डोळ्यांत ठेवू नका, तोंडात ठेवा. माणसाचे डोळे मुखवट्याच्या तोंडापाशीच येतात. तिथे काळी जाळी लावली की बाहेरून नुसता अंधार दिसतो. पायाशी आलेलं लहान मूल मात्र आतून दिसतच नाही, म्हणून सोबत एक माणूस कायम हवा.

पंखा बहुतेक जण उलटा लावतात. तोंडावर वारा येईल असा लावला तर आतलीच गरम हवा फिरत राहते. पॉवर बँकवर चालणारा पाच व्होल्टचा छोटा पंखा टाळूपाशी, हवा बाहेर फेकेल असा बसवा. ताजी हवा तोंडाच्या जाळीतून आपोआप आत येते. तरीही एका वेळी १५ ते २० मिनिटंच, मग डोकं काढून किमान अर्धा तास सावलीत आराम आणि ओआरएस. एकाच उंचीची दोन माणसं ठेवा. चक्कर, मळमळ वाटली तर हाताने करायची एक खूण आधीच ठरवून ठेवा. याबाबतीत अजिबात तडजोड नको.

शेपटी पोशाखाच्या कापडाला शिवली तर कॉलर मागे ओढली जाऊन गळ्याला काचते. दप्तराचे जाड पट्टे अंगात घालून त्यांच्या पाठीला शेपटी बांधा. गाभ्याला पोहायला शिकताना वापरतात ती फोमची नळी घ्या. पीव्हीसी पाइप वळताना पोरांना लागतो.

जाहिरातवाला
काटकुळे पाय विसरा. चित्र कागदावर उभं राहतं, पोशाख माणसाच्या पायावर. २००९ च्या आयपीएलमधल्या व्होडाफोनच्या जाहिरातींतले पांढरे झूझू अॅनिमेशन वाटायचे, पण आत खरी माणसं होती. ती लहान दिसावीत म्हणून सेट मोठे केले होते आणि सुरकुती पडणार नाही असं कापड निवडलं होतं. मैदानात यातलं काहीच हाताशी नसतं, म्हणून पोट गोल करा. पाय आपोआप बारीक दिसतात.

दुसरं म्हणजे शुभंकराला एकच ओळखीची लकब द्या. एअर इंडियाचा १९४६ मधला महाराजा वाकून स्वागत करतो. अमूलची मुलगी ताज्या घडामोडीवर बोलते, साठच्या दशकापासून तिचं तेच काम. तुमच्या शेकरूने मांडीवर थाप मारावी. फोमच्या पंजाचा आवाज होत नाही, म्हणून हात डोक्यावर नेऊन मग खाली आणायचा आणि त्याच क्षणी ढोलावर टिपरू. पण हे मध्यंतराच्या पाच मिनिटांतच! चढाई चालू असताना पंचांना ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू यायला हवं.

हक्क-नोंदणी
शेवटच्या प्रश्नावर कोणीच बोललं नाही आणि महाग तोच पडतो. फिलाडेल्फियाच्या फिलीज या बेसबॉल संघाने १९७८ मध्ये फिली फनॅटिक हा हिरवा केसाळ शुभंकर आणला. कॉपीराइट हक्कांसकट किंमत ५,२०० डॉलर, नुसता पोशाख ३,९००. संघाने नुसता पोशाख घेतला. पुढे तो अफाट गाजला आणि तेच हक्क दोन लाख डॉलरहून जास्त मोजून विकत घ्यावे लागले.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरण लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तेव्हा चित्रकाराशी आत्ताच करार करा. त्यात पोशाख, टी-शर्ट, खेळणी, प्रायोजकाची जाहिरात असं एकेक नाव घालून लिहा आणि त्याचा मोबदला वेगळा द्या. ट्रेडमार्क करायचा असेल तर क्रीडा उपक्रमांसाठी नोंदणीचा वर्ग ४१, कपड्यांसाठी २५, खेळण्यांसाठी २८.

मैदानवेडा
खूप आभार. करार या आठवड्यातच करतो. चार दिवस तोच पोशाख, मग घामाचा वास?

फोम-फर
डोकं धुवायचं नाही. आत सर्जिकल स्पिरिट फवारायचं (पंखा, पॉवर बँक आधी काढा) आणि रात्रभर टेबल फॅनसमोर उलटं ठेवायचं. अंगाचा भाग थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. ड्रायर किंवा इस्त्री लावली की फरचे केस वितळून गुठळ्या होतात, त्या पुन्हा सुटत नाहीत. आतले सुती टी-शर्ट आणि डोक्याच्या टोप्या प्रत्येकाच्या वेगळ्या, आणि दर पाळीला बदलायच्या.