कृष्णवर्णीय खेळाडूंनी काय बदललं? तुम्ही पाहिलेलं, ऐकलेलं लिहा (अनुभव धागा)

धागाकर्ता, न्यू जर्सी
काल लेकाला घेऊन बेसबॉलला गेलो होतो. १५ एप्रिल, म्हणजे झाडून सगळ्या प्लेअर्सच्या पाठीवर ४२ नंबर. लेक वैतागला, आता आपला माणूस ओळखायचा कसा? मग ज्याचा हा नंबर तो जॅकी रॉबिन्सन सांगावा लागला, की १९४७ ला ब्रुकलिन डॉजर्सनं याला घेईपर्यंत कित्येक दशकं मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना घेतच नव्हते, आणि घेतला तोही या बोलीवर की शिव्या खायच्या पण उलट उत्तर द्यायचं नाही. आणि हे कुणाला सांगितलं, तर १९४४ मध्ये आर्मीत असताना बसमध्ये मागं जायला नकार दिला म्हणून ज्याचं कोर्ट मार्शल झालं (निर्दोष सुटला) त्याला! शेजारचे कृष्णवर्णीय आजोबा, माझ्या मराठी बोलण्यातलं रॉबिन्सनचं नाव तेवढं ओळखून, म्हणाले, माझे वडील त्याला बघायला रेल्वेनं जायचे, अख्खा डबा आमच्याच लोकांचा. पुस्तकातलं सगळ्यांनाच माहितीय, तुमच्याकडचं लिहा.

रिचमंडकर
आमच्या मॉन्युमेंट अ‍ॅव्हेन्यूवर अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतींचे पुतळे होते. १९९६ मध्ये त्याच रस्त्यावर टेनिसपटू आर्थर अ‍ॅशचा पुतळा बसवायचा म्हटल्यावर केवढा गदारोळ! एका हातात रॅकेट, दुसऱ्यात पुस्तकं, भोवती पोरं. अ‍ॅश इथलाच, पण लहानपणी बर्ड पार्कच्या कोर्टवर त्याला खेळता यायचं नाही, ती कोर्टं फक्त गोऱ्यांची. पुढं १९६८ ला यूएस ओपन आणि १९७५ ला विम्बल्डन जिंकला. आम्ही आलो तेव्हा त्या सेनापतींतला जनरल ली घोड्यावर होता, २०२० च्या आंदोलनांनंतर एकेक पुतळा निघाला, २०२१ मध्ये लीही गेला, अ‍ॅश मात्र आहे तिथंच आहे. ऑफिसातली एक सिनियर बाई म्हणते, मी शाळेत असताना या रस्त्यानं जाताना मान खाली घालायचे. आता ती नातवंडांचे फोटो तिथंच काढते.

सॅन होजेची सून
आमच्या युनिव्हर्सिटीत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोसचा पुतळा आहे, मेक्सिको ऑलिंपिक १९६८, पदक घेताना वर्णभेदाच्या निषेधात मुठी वर. दोन नंबरचा चौथरा रिकामा, कारण त्या शर्यतीत दुसरा आलेल्या पीटर नॉर्मन या गोऱ्या ऑस्ट्रेलियनलाच ते तसं हवं होतं, येणाऱ्यांनी तिथं उभं राहावं म्हणून. सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा चपला काढून चढल्या 😀 त्या दोघांना ऑलिंपिकमधून लगेच परत पाठवलं होतं हे सांगितल्यावर म्हणाल्या, "आणि आता पुतळे उभारतायत होय!"

दादरचा जुना क्रिकेटवेडा
१९६२, बार्बाडोस. ग्रिफिथचा बॉल आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला. रक्त द्यायला पुढं आला वेस्ट इंडिजचाच कॅप्टन, कृष्णवर्णीय फ्रँक वॉरेल. आमचे बाबा ही गोष्ट हजारदा सांगायचे, पण अर्धीच. उरलेली मी नंतर वाचली: वेस्ट इंडिजची टीम बहुतांश कृष्णवर्णीय असूनही कप्तानी गोऱ्यांच्या घरातलीच, पूर्ण सिरीजसाठी ती पहिल्यांदा वॉरेलला मिळाली १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला.

अटलांटा
एवढं गुलाबी नका रंगवू रे. जेसी ओवेन्सनं १९३६ ला बर्लिनमध्ये चार गोल्ड आणली, नंतर पोटासाठी घोड्यांशी शर्यती लावल्या. अमेरिकन फुटबॉलवाला केपरनिक २०१६ मध्ये वर्णभेदाच्या निषेधात राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसला, त्या सीझननंतर एकाही टीमनं मॅचमध्ये उतरवला नाही. माझा कलीग म्हणतो, आमच्या पोरांनी पळावं, उड्या माराव्यात, तोपर्यंत टाळ्या. कोच किंवा मालक व्हायचं म्हटलं की बघा चेहरे. रॉबिन्सन हेच मागत मागत १९७२ ला गेला, मेजर लीगला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर मिळाला १९७५ ला. आपला दलित बोलर पाळवणकर बाळू आठवतो का? विकेट्स काढायला चालायचा, हिंदू टीमचा कॅप्टन करायला नाही.

लंडनहून मावशी
बायांचं कुणी लिहिणार की नाही? अमेरिकेची कृष्णवर्णीय टेनिसपटू अल्थिया गिब्सन १९५५-५६ च्या दौऱ्यात आपल्या भारतातही खेळून गेली. तिथंच तिची इंग्लंडच्या अँजेला बक्स्टनशी ओळख झाली, बक्स्टन ज्यू, दोघींनाही क्लबवाले लांबच ठेवायचे, मग डबल्सची जोडी जमली आणि १९५६ ला विम्बल्डनही मारलं. १९५७ ला गिब्सननं सिंगल्स जिंकलं, पण तेव्हा टेनिसमध्ये बक्षिसाचे पैसे नव्हते. म्हातारपणी औषधाला पैसे नाहीत म्हटल्यावर याच बक्स्टननं लोकांकडून मदत गोळा केली. २००० मध्ये व्हीनस विम्बल्डन जिंकली तेव्हा गिब्सन हयात होती. माझी मुलगी ती मॅच बघूनच टेनिसला गेली, आमच्या कौन्सिलच्या कोर्टवर, फुकट.